ग्यानोबाच्या गिटारीवरची झीज

सणवार जवळ आला, की आपल्याकडे पहिली संक्रांत येते ती घरातल्या जुन्या वस्तूंवर. बापाची पत्र्याची पेटी, आईची रंग उडालेली शिलाई मशीन, आजोबांची दोरी सुटलेली बाज. जुनं दिसलं की आपल्या कपाळाला आठी पडलीच. ‘लोक काय म्हणतील’ एवढे तीन शब्द उच्चारले, की भंगारवाल्याला हाक मारायला नाहीतर रंगाचा डबा फोडायला आपण मोकळे! तसे आपण सगळे सुजाण नागरिक, पण या एका बाबतीत भल्याभल्यांची मती गहाण पडते. वसमत तालुक्यातल्या हट्टा गावचा भीमराज पाईकराव हा आपल्यातलाच एक. माणूस वाईट मुळीच नव्हता. वाईट असता, तर त्याची गोष्ट सांगावीशीही वाटली नसती.

भीमराज गाड्या रंगवायचा. हाताला असं वळण, की ठोकर खाल्लेली जीप त्याच्या शेडमध्ये गेली तर बाहेर येताना मालकानंच तिला ओळखू नये. चरा दिसला, पोपडा दिसला, की त्याचे हात शिवशिवायचे. त्याचे वडील ग्यानोबा भीमगीतांच्या गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. एप्रिल लागला की पार्टी महिना महिना घरी यायची नाही. आज डोंगरकडा, उद्या औंढा, परवा परभणीकडचं एखादं खेडं. बाकीचे महिने ग्यानोबा दुसऱ्याच्या रानात राबायचे. त्यांच्या डाव्या अंगाला ढोलकीवर बसायचे तांड्यावरचे भावसिंग राठोड. पंचवीस वर्षं ही जोडी फुटली नाही. मग गावोगाव डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पार्टीला बोलावणं येईनासं झालं. पुढं एका थंडीत ग्यानोबा छातीच्या दुखण्यानं गेले, आणि गिटार घरातल्या खुंटीवर राहिली.

नांदेडहून आणली तेव्हा ती गिटार लालचुटूक होती म्हणे. आता लाल रंग निम्मा उडाला होता, लाकूड जागोजागी उघडं पडून काळवंडलं होतं. पण ग्यानोबांच्या बायकोचा, पद्माबाईंचा, एक नेम होता. संध्याकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, गिटार खाली काढायची, पदरानं पुसायची आणि तिच्यावर हात ठेवून जरा वेळ बसायचं. तोंडानं चकार शब्द नाही. मग पुन्हा खुंटीला अडकवून भाकरी थापायला बसायच्या. घरात कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं.

ग्यानोबा गेल्यानंतरची ती पहिलीच जयंती. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये रंगाच्या डब्यांना उसंत नसते. विहाराला रंग, कमानीला रंग, कट्ट्याला रंग, घराच्या चौकटीला रंग! कमिटीचे व्यंकटराव भीमराजला म्हणाले, "अवंदा स्टेजवर ग्यानोबाचा फोटो ठिवू. संगं त्यायची गिटार बी पाहिजे. तालुक्याचे पाव्हणे येऊन राहिले."

भीमराजची छाती फुगली. घरी येऊन त्यानं गिटार उतरवली आणि उजेडात धरली, तसं त्याचं तोंड उतरलं. पोपडे, डाग, टवके! असलं ध्यान पाहुण्यांपुढं ठेवायचं? लोक म्हणतील, पोरगा पेंटर आणि बापाच्या गिटारीची ही दशा! पद्माबाई तेव्हा भावाकडं डोंगरकड्याला गेल्या होत्या. मायला खूश करू, असं ठरवून भीमराज कामाला लागला. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं एका दुपारात त्यानं सगळा जुना रंग उतरवला. पुढच्या बाजूला रुपयाएवढा एक खड्डा होता, तो त्याच्या फारच डोळ्यांत सलला. त्यात लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन थर भरून, घासून त्यानं तो असा बुजवला, की जागा शोधून सापडू नये. वरून स्प्रे गन मारली, गर्द निळ्या रंगाची. वाळल्यावर गिटार आरशासारखी चमकू लागली. विहारात जो तो वाहवा करत होता.

पद्माबाई जयंतीच्या आदल्या संध्याकाळी परतल्या. भीमराजनं हौसेनं गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. पद्माबाईंचा हात पुढून फिरला, मागून फिरला, पुन्हा पुढं आला आणि एका जागी थांबला.

"लई गुळगुळीत केली रे बाबा," त्या म्हणाल्या.

भीमराजला वाटलं, मायनं शाबासकी दिली. वाचकहो, आपणही कितीदा असेच ऐकतो! समोरचं माणूस आतून मोडलेलं असतं, आणि आपण त्याच्या शब्दांतून आपल्या कौतुकाचा तेवढा अर्थ वेचून घेतो. त्या दिवसानंतर पद्माबाईंनी गिटार एकदाही खाली काढली नाही. आता वय झालं, डोळ्यांनीही कमी दिसतं, म्हणून काढत नसेल, अशी भीमराजनं स्वतःची समजूत घातली आणि तो विषय विसरून गेला.

पुढं गावात काम कमी पडू लागलं, तेव्हा एका दोस्ताच्या ओळखीनं तो पुण्याला गिटारीच्या कारखान्यात रंगकामाला लागला. तिथं जे चाललं होतं, ते बघून त्यानं तोंडातच बोट घातलं. कोऱ्या करकरीत गिटारी तिथं मुद्दाम जुन्या करत होते! हौशी लोकांना चाळीस वर्षं वाजवल्यासारखी दिसणारी गिटार हवी असते, आणि चाळीस वर्षं वाजवायला तर वेळ नसतो. मग त्यांच्यासाठी कारागिरानं झिजवायची. पॉलिश पेपरनं रंग उडवायचा, चहाच्या काळ्या पाण्यानं लाकूड मळवायचं, किल्ल्यांच्या जुडग्यानं टवके काढायचे. गरम हवा सोडणाऱ्या हिटगननं तापवून लगेच बर्फ फिरवला, की रंगाला केसासारख्या चिरा जातात. लोखंडी भाग व्हिनेगरच्या वाफेवर ठेवले, की गंज चढतो. कुठं घासायचं त्याचे मालकाकडं पुठ्ठ्याचे साचेच होते. वाजवणाऱ्याचा हात इथं टेकतो, पट्ट्याचं बक्कल इथं लागतं, सगळं आखून ठेवलेलं.

तीन वर्षांत भीमराज या कामात सगळ्यांच्या पुढं गेला. मग साच्यांचा एक संच घेऊन तो हट्ट्याला परतला, आणि मालक खोक्यांतून गिटारी गावीच पाठवू लागला. सगळा गाव त्याला हसायचा. शेजारचे पुंजाजी म्हातारे तर काठी टेकत शेडमध्ये येऊन बसायचे. "आरं भीमराज, आमी फुकटात जुने झालो, आमाला कोन इचारीना! आमाला बी घाल की एका खोक्यात, दे धाडून पुन्याला."

तोवर पद्माबाईंच्या डोळ्यांतला काचबिंदू बळावला होता. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. नात आकांक्षा अकरा वर्षांची, तीच आजीची काठी झाली होती.

एकदा सकाळी भीमराज नळाची बादली भरून दारात आला, तर आत आकांक्षा विचारत होती, "आजी, मम्मी म्हणते तू आधी रोज आबांची गिटार पुसायचीस. आता काहून न्हाई पुसत?"

"काय पुसू बाई?" पद्माबाई म्हणाल्या. "त्या गिटारीत तुहे आबा व्हते तवर पुसलं. हात ठिवला की हाताला लागायचे. आता त्या निळ्या रंगात ते कुठं राहिले? पर तुह्या बापाला सांगू नको हं. त्यानं लई हौसेनं केलं. त्याच्या जिवाला लागंल."

भीमराजच्या हातातली बादली तिथंच टेकली. ‘लई गुळगुळीत केली रे बाबा’ याचा अर्थ त्याला सहा वर्षांनी कळला! मायनं सहा वर्षं हे दुःख गिळलं, आणि का? तर लेकाच्या जिवाला लागू नये म्हणून. तो पाय न वाजवता मागं फिरला आणि शेडमध्ये जाऊन नुसता बसून राहिला.

पण कारागिराचं मन फार वेळ नुसतं बसत नाही. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात बेत शिजला. आपण परक्यांच्या गिटारी चाळीस वर्षं म्हाताऱ्या करतो, मग आपल्या बापाची, अण्णांची का नाही करता येणार? होती तशी करू. मायचा हात पुन्हा तिच्यावर पडला, की झालं. डॉक्टर म्हणतात उरलीसुरली नजरही जाईल. तिच्या हाताला तरी अण्णा लागू देत! हेतू सोन्यासारखा होता. त्यात खोट एवढीच, की मायला खरं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं.

आठ दिवस त्यानं पुण्याची खोकी फोडलीच नाहीत. निळा रंग खरवडून काढला, त्या जागी लाल दिला, त्याला चिरा पाडल्या, साचे लावून जागोजागी लाकूड उघडं केलं. पाचव्या दिवशी भावसिंग शेडमध्ये आले. सत्तरी उलटलेला माणूस, पण पाठीचा कणा ताठ. गिटार पाहून ते दारातच थबकले.

"हे ग्यानोबाची न्हवं?"

"व्हय काका. मायसाठी पहिल्यासारखी करून राहिलो. तिला सांगतो, वरचा निळा रंग काढला तर खाली अण्णाचा जुना रंग तसाच निघाला."

भावसिंगांचा चेहरा गंभीर झाला. "म्हंजे खोटं सांगतो."

"तिच्या सुखासाठी, काका. त्यात कुनाचं काय नुकसान हाय? पुन्याचे लोक तर पैसे मोजून घेतेत."

"त्यायला ठाऊक ऱ्हायते, हे झिजवलेलं हाय. ते शौक करून राहिले, त्यायची फसगत न्हाई," भावसिंग म्हणाले. "तू मायला फसवून राहिला. लेकरा, आंधळ्या मानसापाशी हात अन् भरोसा, दोनच चिजा ऱ्हायतेत. त्याच्यात खोट घालू नको. जाऊन सांग, माय, मव्हं चुकलं. ती रडंल, बोलंल अन् मोकळी व्हईल. अन् खरं सांगू का, ग्यानोबाच्या गिटारीची झीज अशी नव्हतीच. ते वाजवत बसले म्हंजे…"

"काका," भीमराजनं त्यांना मध्येच तोडलं, "तुमी ढोलकीवाले. गिटार कुठं झिजते, हा मव्हा रोजचा धंदा हाय. इथं आतापर्यंत दोनशे गिटारी झिजवल्या म्या."

भावसिंगांनी त्याच्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि ते निघून गेले. पंचवीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं वाक्य भीमराजनं पुरं होऊ दिलं नाही! शिकलेल्या हाताचा गर्व हा असा असतो.

नवव्या दिवशी त्यानं गिटार घरी नेली आणि ठरवलेलं वाक्य मायला सांगितलं. पद्माबाई ताडकन उठून बसल्या. "खाली तसंच व्हतं? पुसलं न्हवतं काही?"

"तसंच व्हतं, माय."

"थांब." त्यांनी आकांक्षाला पाणी आणायला लावलं, हात धुतले, पदराला कोरडे केले, मग दोन्ही हात पुढं केले. भीमराजची बायको शीतल चुलीपुढून उठून दाराशी आली. पद्माबाईंच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, की शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं.

पद्माबाईंचा हात वरच्या कडेवरून फिरला. खाली आला. मागं गेला, ओरखड्यांवर अडखळला, परत पुढं आला. मग अंगठा काहीतरी शोधू लागला. जरा डावीकडं, जरा खाली, पुन्हा तिथंच. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. हात फिरतच होता.

"हेच हाय ना, माय?" भीमराजनं विचारलं.

"व्हय… हेच असंल," पद्माबाई म्हणाल्या. "लई दिवस झाले रे. हात लागला न्हाई लई दिवसांत."

भीमराजचा जीव भांड्यात पडला. त्यानं शेडमध्ये जाऊन पुण्याचं खोकं फोडलं, आणि कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत कामाला बसला.

पण घरात काहीतरी बिनसलं. पद्माबाई जेवण टाकू लागल्या. मिठाचा डबा रोजच्या जागी असला तरी शीतलला विचारायच्या, मी बराबर सांगते ना गं? एकदा आकांक्षाला म्हणाल्या, "मला परवाचं इचार बरं काही. मव्हं ध्यान हाय का गेलं, बघू." पोरीला तो खेळच वाटला. सासूला मामी म्हणणाऱ्या शीतलनं नवऱ्याला सांगितलं, "मामीचं काहीतरी बिघडलं हाय. आपल्याआपल्याशी बोलून राहिल्या." भीमराज म्हणाला, वयामानानं होतं तसं.

रविवारी दुपारी भावसिंग पद्माबाईंची विचारपूस करायला आले. भीमराज घरीच होता, मागल्या दाराशी ब्रश धूत होता. पद्माबाईंनी आकांक्षाकरवी गिटार उतरवून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"भाऊजी, एक इचारू का? हसू नका."

"इचारा की, वहिनी."

"ते वाजवाया बसले म्हंजे त्यायचा हात नेमका कुठं ऱ्हायचा? मला समदं ध्यानात व्हतं. झोपंतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. आता हात लावते तर एक बी जागा सापडंना. डोळे गेले त्याचं काही न्हाई, पर आता डोस्कं बी चाललं जनू. ज्याच्या संगं तीस वर्षं काढले, त्यायची खूण मला ठाऊक ऱ्हाईली न्हाई. भाऊजी, मी त्यायला इसरून राहिले हो!"

भावसिंगांनी मागल्या दाराकडं बघितलं.

तिथं भीमराजनं हे सगळं ऐकलं. अरेरे, हे काय करून बसलो आपण! मायला सुख द्यायला निघालो होतो, आणि आपण तर तिच्याजवळ उरलेलं एकुलतं एक धन, अण्णांची आठवण, तीच खोटी ठरवली! आपल्या लबाडीपायी ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसली!

तो धावत आत आला आणि मायच्या पायांशी कोसळला. "माय, तू काहीच इसरली न्हाईस! तुहं ध्यान बराबर हाय. मी खोटं बोललो. खाली अण्णाचा रंग न्हवताच. हे समदं म्या केलं, शेडमधी, आठ दिवसांत."

पद्माबाईंनी विचारलं, "म्हंजे मव्हं डोस्कं गेलं न्हाई?"

"न्हाई, माय."

"मी त्यायला इसरले न्हाई?"

"न्हाई गं माय. मीच खोटा हाय."

पद्माबाईंनी असा श्वास सोडला, जणू कित्येक दिवसांचं ओझं कुणी उतरवून घेतलं असावं. आणि मग लगेच त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. "मंग खरी खूण?"

"म्या पुसली. त्या सालीच."

"समदी?"

"समदी, माय."

तेव्हा पद्माबाई रडल्या. ग्यानोबा गेले त्या दिवशी रडल्या होत्या तशाच, मोठ्यानं, छाती पिटून. आठ दिवस त्यांनी आशा धरली होती, की खूण आहे, आपल्यालाच सापडत नाही. आता तीही गेली. शीतलनं त्यांना धरलं. आकांक्षा भिंतीला टेकून मुसमुसू लागली. भावसिंगांनी टोपी काढून डोळ्यांना लावली.

बऱ्याच वेळानं पद्माबाई म्हणाल्या, "भीमराज, खाली बैस. मांडी घाल."

तो बसला. त्यांनी चाचपडत गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. "ते असे बसत व्हते. स्टेजवर सतरंजी असायची. पार्टीवाले समदे बसूनच. गिटार मांडीवर. म्हनून इथं, खालच्या कमरेला, धोतर घासून घासून लाकूड उघडं पडलं व्हतं. अन् हे मागं तू ओरखडे काढलेस, ते कशाचे रं?"

"पट्ट्याच्या बक्कलाचे," भीमराज कसंबसं म्हणाला. "साच्यात तसं असते. उभ्यानं वाजवनाराचे."

"त्यायनं जन्मात कंबरेला पट्टा बांधला न्हाई रे, बाळा."

भीमराजनं मान खाली घातली.

"अन् हितं," पद्माबाईंचा अंगठा पुढच्या बाजूला एका जागी टेकला, "हितं खळी व्हती. मधी गानं थांबवून बक्षीस देनाराचे नावं पुकारायचे ना, तवा समदे हात सोडून बसायचे. ह्यायचा अंगठा मात्र थांबायचा न्हाई. लाकडावर टकटक, टकटक. गान्याचा ठेका तुटू नये म्हनून. पंचवीस वर्षं! तवा कुठं ती खळी पडली. मव्हा अंगठा बराबर बसायचा तिच्यात."

रुपयाएवढा खड्डा! आपण ऐटीत बुजवलेला! लांबीचे दोन थर, वरून पॉलिश पेपर. भीमराजला वाटलं, ती लांबी आत्ता नखांनी उकरून काढावी. पण उकरून काय निघणार होतं? उकरलं असतं, तरी निघाला असता तो त्याच्या नखांचा खड्डा.

"तुला ठाऊक न्हवतं?" पद्माबाईंनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"न्हाई."

"काहून रं? लेक व्हतास ना त्यायचा?"

भीमराजला चौदाव्या वर्षीचा कार्यक्रम आठवला. वर्गातल्या एका पोरानं खिदळत म्हटलं होतं, तुझा बाप लोकांच्या नोटा वेचतो की रे! त्या दिवसापासून पार्टी गावात आली, की तो जनरेटरपाशी जाऊन उभा राहायचा, स्टेजकडं पाठ करून. अख्खं गाव ग्यानोबांना बघत होतं. बघितलं नव्हतं ते एकट्या त्यांच्या पोरानं!

"मी कधी समोर बसलोच न्हाई, माय," तो म्हणाला. "मला लाज वाटायची अण्णाची."

हे शब्द तोंडातून निघाले आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. पद्माबाईंनी त्याचा चेहरा शोधला, खांद्यावरून हात खाली आणला आणि त्याचा हात धरला. थिनरनं सोललेली बोटं, पॉलिश पेपरनं दगडासारखी झालेली कातडी. त्यांचा हात तिथं थांबला.

"हे काय रे? केवढे खरबरीत झाले हात तुहे!" त्या हळूच म्हणाल्या. "मला बी ठाऊक न्हवतं बघ. एका घरात ऱ्हाऊन मला बी ठाऊक न्हवतं."

भावसिंग पुढं आले आणि त्यांनी भीमराजच्या पाठीवर हात ठेवला. "लेकरा, बापाच्या कष्टाचा डाग म्हंजे घान न्हाई. आपन त्याला घान समजलो, हितंच समदं चुकलं. तू त्याला पुसलं लाजंपायी, अन् पुन्हा रंगवलं मायेपायी. पर ग्यानोबा व्हते तवर त्यायला इचारलं न्हाई, दोन्ही बारीला वहिनीला इचारलं न्हाई, अन् मी सांगून राहिलो तर ऐकलं न्हाई. इचारलं असतं तर कोन न्हाई म्हनलं असतं?"

भीमराजनं त्यांचे पाय धरले.

पद्माबाईंनी लेकाला माफ केलं. आई दुसरं काय करणार? पण गिटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. भीमराजनं विचारलं, ही खोटी झीज काढून टाकू का? त्या म्हणाल्या, "आता काही काढू नको, काही लावू नको. आकांक्षाला दे. तिला वाजवू दे. तिची काय झीज पडंल ती पडंल. ती बघाया मी काही ऱ्हात न्हाई."

पुढच्या जयंतीला भीमराज स्वतः विहारात उभा राहिला आणि चारचौघांत सगळं बोलला, जनरेटरपाशी पाठ करून उभं राहिल्याचंही. कुणी हसलं नाही. कितीतरी बाया पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि व्यंकटराव खाली बघत होते. पुण्याचं काम त्यानं सोडलं नाही, पोट कुणाला सुटलं आहे? पण आता त्याच्या शेडमधून निघणाऱ्या प्रत्येक गिटारीच्या पोटात तो एक चिठ्ठी ठेवतो: ‘ही झिजवलेली आहे, झिजलेली नाही.’ मालक आधी कुरकुरला, मग गप्प बसला.

रोज संध्याकाळी हात धुऊन तो मायपुढं मांडी घालून बसतो. अण्णा गाण्याआधी काय करायचे, तार तुटली तर काय म्हणायचे, घरी आल्यावर गिटार कुठं टेकवायचे, एकेक विचारतो. पद्माबाई सांगतात. कधी एकच गोष्ट दोनदा सांगतात, तरी तो ऐकतो. काही प्रश्नांना त्या म्हणतात, "ते त्यायलाच इचाराया पाहिजे व्हतं रे."

नागरिकहो, खोटी झीज आठ दिवसांत पाडता येते. खरी झीज पडायला एक अख्खं आयुष्य लागतं, आणि पुसायला एक दुपार पुरते. आपल्या आईबापांच्या कष्टांच्या खुणांची लाज धरू नका, आणि त्यांना सुख देण्याच्या नावाखाली त्यांच्याशी खोटं बोलू नका. रंग द्यायचाच असेल, तर आधी विचारा. आणि तुमची माणसं गात आहेत, राबत आहेत, बोलत आहेत तोवर पाठ करून उभे राहू नका. समोर जाऊन बसा. भीमराजला हे कळलं, तेव्हा बाप राहिला नव्हता आणि मायला दिसत नव्हतं.